रखमाजींच्या गोठ्यातली लाल गाडी

लोणावळ्याला जुन्या हमरस्त्यावर माझं चिक्कीचं दुकान आहे. दुकानापुढे बरीच मोकळी जागा आहे आणि ती माझी आहे, हे रविवारी सकाळी कोणाला पटवून देण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे. उजाडलं की तिथे मोटारसायकली येऊन उभ्या राहतात. साध्या नव्हेत, सुपरबाइक. एकेकीची किंमत ऐकली की वाटतं, एवढ्या पैशात चाकं दोनच कशी दिली? त्यांचे मालक चहा शेजारच्या टपरीवर पितात, गाड्या माझ्या जागेत लावतात, माझ्या ओट्यावर बसतात आणि चिक्की मात्र घेत नाहीत. तरी मी त्यांना हाकलत नसे, आणि त्याचं कारण रखमाजी.

रखमाजी तिकोणा पेठेचे शेतकरी. सत्तरी उलटलेली, अंगाने शिडशिडीत, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांना मोटारसायकल चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. पण रविवार चुकवायचे नाहीत. पवनानगरहून जीपने कामशेत आणि तिथून लोकलने लोणावळा असे येत, माझ्याकडून शेंगदाणा चिक्कीचा एक तुकडा मागून घेत, तो दाढेखाली धरून ओट्याच्या कडेला बसत आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचं माप काढत. सगळे त्यांना आबा म्हणत.

या मंडळींचा खरा धंदा गाडी चालवणं हा नाही, वाट बघणं हा आहे. दर वर्षी कार्तिकाच्या सुमाराला परदेशात कुठेतरी नव्या मॉडेलांवरचे पडदे उघडतात. ती मॉडेलं आपल्याकडे यायला जवळजवळ वर्ष जातं. ते वर्ष ही मंडळी माझ्या ओट्यावर काढतात. हिची ताकद किती, तिचं वजन किती, हिचा आवाज कसा, तिचा वेग कुठवर. गाडी कोणी पाहिलेली नसते, हात कोणी लावलेला नसतो, पण भांडणं हातघाईवर येतात. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मला ओट्यावर कळला.

त्या वर्षी भांडण होतं लाल आणि हिरवी यांचं. लाल इटलीची, हिरवी जपानची. त्यांची पूर्ण नावं मी सांगत नाही, मला ती धड उच्चारताही येत नाहीत. लाल गाडीचा वकील समर्थ. हा वराळ्याचा, तिशीतला, खोदकामाची यंत्रं भाड्याने देणारा, बोलायला फटकळ आणि मनाने बरा. हिरवीचे वकील रखमाजी.

"आबा, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर हाय लालला," समर्थ म्हणायचा. "कानशिलाला पंख दिलेत. वाऱ्यावर उचलायला नको म्हणून."

"आसंल," रखमाजी मोबाइलवरचा फोटो लांब धरून बघत म्हणायचे. "पर छाती भारी आन् कंबर बारीक. असला बैल पयल्या झपाट्यात डोळं दिपवतो आन् घाट संपायच्या आत जीभ काढतो. हिरवीचं मागलं बघ. बूड कसं भरलंय."

घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढण. रखमाजींच्या घरात या शर्यतींचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्यामुळे जगातली पळणारी कोणतीही वस्तू ते बैलाच्या मापाने मोजत. त्यांचा अंदाज कधी बरोबर निघायचा, कधी सपशेल फसायचा. आदल्या वर्षी त्यांनी ज्या निळ्या गाडीला डोक्यावर घेतलं होतं ती इतकी तापायची की चालवणाऱ्याच्या मांड्या भाजत. पण कोणी त्यांना हसलं नाही. एवढ्या मनापासून गाडीकडे बघणारा दुसरा माणूस ओट्यावर नव्हता.

रखमाजी या नादाला लागले तेही बैलांमुळेच. शर्यतींवर बंदी आली त्या काळात त्यांनी एकेक बैल विकला. पाखऱ्या नावाचा शेवटचा बैल मात्र विकला नाही. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पाखऱ्या म्हातारा झाला होता आणि रखमाजीही. पुढे तो दावणीलाच गेला. मुलगा चाकणला कारखान्यात, त्याला बैलात गोडी नाही. गोठा रिकामा पडला. त्यांच्या पत्नी लीलाबाई मला म्हणाल्या होत्या, "शेण न्हाई का मूत न्हाई, तरी रोज झाडत्यात. मी म्हंते, कुणासाठी झाडताय? तर म्हंत्यात, सवय."

एका पावसाळ्यात समर्थ तिकोण्याच्या बाजूला फिरायला गेला असताना पावसात सापडला आणि आडोशाला म्हणून त्याने आपली त्या वेळची गाडी थेट या गोठ्यात घातली. लीलाबाईंनी चहा दिला. रखमाजींनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. ती गरम होती आणि इंजिन निवताना आतून टिकटिक वाजत होतं. "जिवंत हाय की रं ही," ते म्हणाले. पुढच्या रविवारी ते माझ्या ओट्यावर हजर होते.

तर समर्थने लाल गाडी नोंदवली. ती भाद्रपदात येणार होती. आमच्याकडे पोळाही भाद्रपदाच्या अमावास्येलाच असतो. येणाऱ्या गाडीची वाट समर्थ जेवढी बघत होता त्याच्या दुप्पट रखमाजी बघत होते, आणि तेही विरोधी पक्षाचे असून. एका रविवारी सगळ्यांची पांगापांग झाल्यावर ते समर्थला म्हणाले, "एक मागू का? पोळ्याला गोठा रिकामा बघवत न्हाई. आदल्या सांजंला तुजी गाडी आणून उबी कर. सकाळी पूजा करू, मग घिऊन जा."

समर्थ जरा हसला आणि मग हसायचा थांबला. "आणतो," तो म्हणाला. "आन् पूजा झाली की माझ्या मागं पयलं तुमी बसायचं. अजून कुणाला बसवणार न्हाई तवर."

झालं. रखमाजींनी हे लोकलमध्ये सांगितलं, जीपमध्ये सांगितलं, गावात सांगितलं. सुपरबाइकवर बसायचं म्हणजे हेल्मेट पाहिजे, म्हणून समर्थने त्यांना एक आणून दिलं. टोपीवरून बसावं अशा मापाचं त्यांनी मागून घेतलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे ते डोक्यालाच होतं. लीलाबाईंचं म्हणणं, एकदा ते घालून जेवायला बसले होते आणि घास कुठून घालायचा ते कळल्यावर काढलं. माझा थट्टेखोर स्वभाव, पण या बाबतीत मी त्यांची थट्टा केली नाही. म्हाताऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात काहीतरी चांगलं होणार आहे असं वाटणं ही थोडी गोष्ट नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी समर्थ लाल गाडी घेऊन तिकोणा पेठेला गेला, गोठ्यात उभी केली आणि मित्राच्या मोटारीतून घरी परतला. संध्याकाळी काय झालं ते मला लीलाबाईंकडून कळलं. मी तिथे नव्हतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. रखमाजींनी लोण्यात हळद कालवली आणि वाटी घेऊन गोठ्यात गेले.

लीलाबाई म्हणाल्या, "आवो, हिला खांदा कुटं?"

रखमाजी गाडीभोवती फिरले. मग त्यांना ओट्यावरचं एक भांडण आठवलं. लालचे ब्रेक श्रेष्ठ की हिरवीचे, यावर समर्थने पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी असलेल्या लोखंडी चकत्या फोटोत दाखवून सांगितलं होतं, "आबा, एवढी गाडी पळत्यावर थांबवायची म्हंजे सगळं वझं हितं येतं. या दोन चकत्यांवर." ज्याच्यावर वझं येतं तो खांदा. रखमाजींच्या हिशेबात कुठेही खोट नव्हती. ते चाकापाशी उकिडवे बसले आणि दोन्ही चकत्या तळव्याने सावकाश मळल्या, आतून बाहेरून, कुठे कोरडं राहू न देता. "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या," असं गाडीला म्हणाले. लोण्यावर धूळ बसेल म्हणून वरवर धोतराच्या फडक्याने पुसलं. लीलाबाई सांगत होत्या, पाखऱ्या गेल्यापासून त्या रात्री ते पहिल्यांदा पोटभर जेवले.

सकाळी मी माझ्या मोटारीने गेलो. समर्थ आणि हर्षदा माझ्याबरोबर होते. हर्षदा तिथल्याच धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली मुलगी, तळेगावला मोटारसायकलींच्या गॅरेजात काम करते. तीही ओट्यावरचीच. लाल-हिरवीच्या वादात तिचं मत विचारलं की म्हणायची, आधी येऊ द्या.

गोठा सारवलेला होता. दाराला आंब्याचं डहाळं होतं. गाडीला झेंडूची माळ घातली होती, पुढच्या चाकाच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं होती. लीलाबाईंनी ओवाळलं आणि पुरणपोळीचा नैवेद्य चाकापुढे ठेवला. तो खाणार कोण, असा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता, तेवढ्यात कुत्र्याने तो सोडवला.

समर्थने गाडी चालू केली. मला त्या आवाजाचं कौतुक नाही. माझ्या काचेच्या बरण्या त्याने थरथरतात. पण त्या दिवशी गोठ्याच्या भिंतींत तो आवाज ऐकला आणि कबूल करतो, अंगावर काटा आला. रखमाजी टोपीवर हेल्मेट चढवून तयार होते.

"आबा, धरणापर्यंत एक चक्कर मारून येतो," समर्थ म्हणाला. "रस्ता ओला हाय. अंदाज घेतो आन् मग तुमाला बसवतो."

तो गल्लीतून पायाने मागचा ब्रेक लावत हळूहळू बाहेर पडला, कारण चिखलात पुढचा ब्रेक धरला तर गाडी घसरते. पुढे उतार लागला आणि आवाज मोठा झाला.

रखमाजी आपल्या घराच्या ओट्यावर बसून हेल्मेटच्या पट्ट्याशी झटत होते. हर्षदा पट्टा लावायला वाकली आणि तिला त्यांचे तळवे दिसले. पिवळेजर्द.

"आबा, हळद कसली?"

"खांदं मळलं की तिचं. काल सांजंला."

"कुठे मळलं?"

त्यांनी सांगितलं. हौसेने, हाताने चकत्या दाखवत सांगितलं. हर्षदा ताठ उभी राहिली. म्हणाली, "आबा, त्या चकत्यांना दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, तेव्हा गाडी थांबते. लोणी असेल तर चिमटा धरणार नाही."

तिने समर्थला फोन लावला. तो हेल्मेटमध्ये, फोन खिशात. कोण उचलणार? आणि पोळ्याचा दिवस. वरच्या वाड्यांतले लोक आपापले बैल रंगवून, घुंगरं बांधून त्याच रस्त्याने मारुतीच्या देवळाकडे निघाले होते. उताराच्या वळणापलीकडून घुंगरांचा आवाज आम्हाला स्पष्ट येत होता.

गाडीचा आवाज एकदम उतरला. मग आणखी उतरला. समर्थ एकामागून एक गिअर खाली टाकत होता. मग माणसांचा ओरडा झाला आणि आवाज बंद पडला.

रखमाजी पळाले. डोक्यावर ते हेल्मेट तसंच, पट्टा लोंबतोय, पाय अनवाणी. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, मला ते गाठता आले नाहीत.

समर्थने गाडी बैलांत जाऊ दिली नव्हती. वळणावर रस्ता सोडून त्याने ती खालच्या भातखाचरात घातली होती. गाडी निसवलेल्या भातात आडवी पडली होती आणि समर्थ गुडघाभर चिखलात बसून उजवा हात डाव्या हाताने धरून होता. खाचर गावातल्या केरबाचं. केरबा आधी भाताकडे धावला, मग समर्थकडे. बैल बिथरले होते, पण कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"ब्रेकच न्हाई लागला," समर्थ म्हणत होता. "पुढचा ब्रेकच न्हाई. नवी गाडी, आन् ब्रेक न्हाई!"

रखमाजी बांधावर उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. मी समर्थला मोटारीत घालून तळेगावला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. गाडी संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून काढली, तेव्हा चाकं, चकत्या, माळ सगळं चिखलाने माखलेलं होतं. लोण्याची खूण शोधूनही सापडली नसती.

लीलाबाईंनी मला आणि हर्षदाला बाजूला घेतलं. "कुटं बोलू नका. देवाच्या दयेनं पोरगं वाचलं. ह्यांचं तेवढं एकच सुख ऱ्हायलंय, रविवारचं. ते गेलं तर हे घरात बसून मरत्याल."

"आबांचं आबा बघतील," हर्षदा म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

दोन रविवार रखमाजी आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले. त्या दिवशी ओटा भरलेला होता. समर्थ हात गळ्यात बांधून बसला होता आणि नव्या गाडीचा ब्रेक कसा गेला ते कितव्यांदा तरी सांगत होता. कंपनीची माणसं उद्या गाडी बघायला येणार होती. तो त्यांना सोडणार नव्हता. लाल नोंदवलेले आणखी दोघे होते, ते नोंदणी मागे घ्यायच्या गोष्टी करत होते. आणि हिरवीची बाजू घेणारे तर दिवाळी असल्यासारखे खूश. माणूस थोडक्यात वाचला याच्यापेक्षा वाद जिंकला याचाच आनंद मोठा. मला या लोकांचा असा संताप येतो कधी कधी.

"आबा, तुम्ही जिंकलात!" एकजण ओरडला. "लाल बाद! तुम्ही आधीपासून सांगत होता. आबांना चहा द्या रे."

रखमाजींच्या हातात कोणीतरी चहाचा पेला दिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी नुसतं हसून मान हलवली असती तरी काम भागलं असतं. ओट्यावर इतका मान त्यांना आजवर कधी मिळाला नव्हता. त्यांनी पेला खाली ठेवला आणि उभे राहिले.

"लालला नावं ठिवू नका," ते म्हणाले. "तिचा दोष न्हाई. मी खांदं मळलं तिचं. त्या चकत्यांस्नी लोणी लावलं मी. पोळ्याच्या आदल्या दिशी."

कोणीतरी हसलं, म्हाताऱ्याचा विनोद समजून. मग हर्षदाचा चेहरा पाहून गप्प झालं.

समर्थला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठला. "आबा, मेलो असतो मी."

"व्हय."

"बैलात गेली असती गाडी. माणसं मेली असती."

"व्हय रं."

"आन् इतकं दिवस गप बसलात?"

"गप बसलो. तोंड उगडंना."

"यंत्राला लोणी लावतंय का कुणी?" समर्थ ओरडला. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. "अडाणी ते अडाणीच! वर्षभर तुमच्याशी डोकं फोडलं मी. कुणापुढं फोडलं? पुन्यांदा माज्या गाडीच्या आसपास दिसू नका."

रखमाजींनी टोपी नीट केली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. मी हाक मारली, ते वळले नाहीत. त्या वेळी मला समर्थचा राग आला, हिरवीवाल्यांचा आला, रखमाजींचाही आला. पण त्यांच्याबद्दल मनात जो मान वाटला तो त्या रागाहून मोठा होता. ओट्यावर इतकी वर्षं इतकी बडबड ऐकली, सरळ वाक्य एवढं एकच ऐकलं.

त्यानंतर ते आले नाहीत. कार्तिक आला, परदेशात नवे पडदे उघडले, ओट्यावर नवं भांडण सुरू झालं. आता एक काळी गाडी आणि एक पांढरी. पण त्या भांडणात जीव नव्हता. कंबर कोणाची बारीक, बूड कोणाचं भरलेलं, हे सांगायला कोणी नव्हतं.

मी एकदा तिकोणा पेठेला जाऊन आलो. रखमाजी दारात बसले होते. गोठ्यात लीलाबाईंनी सरपण भरलं होतं. झाडायचं रखमाजींनी सोडलं होतं. मी मुद्दाम काळ्या गाडीचा विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात बसला का त्याचा?" मी म्हटलं, प्लॅस्टर निघालं. "मूठ वळती का?" वळते म्हटल्यावर मान डोलावली. बाकी काही विचारलं नाही. येताना लीलाबाई मोटारीपर्यंत आल्या आणि रडल्या.

हे मी ओट्यावर सांगितलं. समर्थ ऐकत होता, पण ऐकत नसल्यासारखा. हर्षदा त्याला म्हणाली, "वर्षभर तू त्यांना हॉर्सपॉवर सांगितलीस. पंख सांगितलेस. चकतीला चिमटा बसतो, ती कोरडी ठेवावी लागते, हे कोणी सांगितलं? तू नाही. रोज तेच काम करणारी मीही नाही. आपण सगळे पळण्याचंच बोलत होतो."

समर्थ चहाचे पैसे देऊन निघून गेला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी दुकान उघडत होतो, तेव्हा तो लाल गाडीवर आला. दुरुस्त होऊन आल्यावर ती पहिल्यांदाच बाहेर निघाली होती. "शेठ," तो म्हणाला, "तिकोण्याला येताय का? मला एकट्याला जायला कसंतरी वाटतंय." मी कुलूप लावलं आणि मोटारीने त्याच्या मागोमाग गेलो.

गाडीचा आवाज ऐकून रखमाजी बाहेर आले. समर्थला बघून जागीच थबकले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, तिजोरीपुढे उभा केलेला चोर नेतो तसे.

"बसा आबा," समर्थ म्हणाला.

"नगं."

"बोललो होतो ना, पयलं तुमी. अजून कुणाला बसवलं न्हाई."

"नगं रं. म्या तिला हात बी लावणार न्हाई. माज्या हाताचा भरवसा न्हाई ऱ्हायला."

समर्थ गाडीवरून उतरला. "मी जे बोललो ते रागात बोललो," असं काहीसं तो म्हणाला. रखमाजी म्हणाले, "खरंच बोललास." मी मध्ये पडणार होतो, पण लीलाबाई घरातून ते हेल्मेट पदराने पुसत घेऊन आल्या आणि सरळ नवऱ्याच्या डोक्यावर चढवलं.

"बसा म्हंतंय पोरगं तर बसा. किती मान घ्यायचा त्यो?"

मी आणि समर्थने धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. ती सीट म्हणजे वीतभर लांबीची चिंधी. बसणारा वरच राहतो. रखमाजींनी आपले हात हवेत धरले होते, गाडीपासून लांब.

"हात कुटं ठिवू?" त्यांनी विचारलं.

समर्थने मागे हात नेऊन त्यांचे दोन्ही तळवे धरले, पुढे ओढले आणि आपल्या पोटावर एकमेकांत गुंतवले. "हितं," तो म्हणाला. "सोडू नका."

ते निघाले. उताराचा रस्ता घराच्या अंगणातून वळणापर्यंत दिसतो. मी आणि लीलाबाई बघत उभे राहिलो. ज्या गाडीच्या वेगावरून वर्षभर माझा ओटा हादरला होता ती सायकलच्या चालीने चालली होती. थोडं अंतर गेली की मागचा लाल दिवा लागायचा, गाडी पूर्ण थांबायची, पुन्हा निघायची. पुन्हा दिवा, पुन्हा थांबली. रस्ता रिकामा होता. ना बैल, ना माणूस.

"बिघडली का काय, शेठ?" लीलाबाई म्हणाल्या. "सारकी थांबती."

"बिघडली नाही, वहिनी," मी म्हटलं. "थांबते, ते तो आबांना दाखवतोय."